‘निर्वेध व निजोखमी’ : पुण्याच्या घरखरेदीच्या भाषेतील एक प्रकरण

पुणे शहरात घराचे खरेदीखत लिहावयाचे झाले म्हणजे त्यात एक वाक्य हटकून येते. विकणार असे लिहून देतो की, सदरहू मिळकत निर्वेध व निजोखमी असून तिच्यावर कोणाचाही बोजा, गहाण, दान, पोटगी अथवा जप्ती नाही. वर्तमानपत्रांतील ‘जाहीर नोटीस’ या मथळ्याखालीही हीच शब्दजोडी वारंवार छापलेली आढळते. अमुक दिवसांत कोणाची हरकत आली नाही, तर मिळकत निर्वेध व निजोखमी आहे असे समजून व्यवहार पुरा केला जाईल, असे तीत बजावलेले असते. लिहिणाऱ्याला हे शब्द पाठ असतात आणि वाचणाऱ्याचे त्यांकडे लक्ष नसते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र अशाच झिजलेल्या शब्दांपाशी थांबावे लागते. नदीच्या पुरात जे घर दोनदा पाण्याखाली गेले आहे, तेही या भाषेत निःशंकपणे ‘निजोखमी’ ठरते. हे कसे घडले, आणि घर दाखविणाऱ्या मध्यस्थाने घेणाऱ्याला पाण्याचा धोका कोणत्या शब्दांत सांगावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दांकडे वळू. ‘जोखीम’ या शब्दाचे मूळ व्युत्पत्तिकार संस्कृत ‘योगक्षेम’ या शब्दात शोधतात. जे मिळालेले नाही ते मिळविणे हा योग, आणि मिळालेले राखणे हा क्षेम. आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यात हाच शब्द त्याच्या मूळ, मंगल अर्थाने आहे. लोकभाषेतून प्रवास करीत असता त्याचा रोख पालटला. जे राखावयाचे ते मोलाचे, आणि जे मोलाचे त्याला भय अधिक, या वाटेने क्षेमाचा शब्द भयाचा वाचक बनला. मधल्या पायरीची खूण हिंदीत अद्याप उरली आहे. तेथे अंगावरच्या मौल्यवान वस्तूंनाही ‘जोखिम’ म्हणतात. व्यापाऱ्यांच्या जुन्या व्यवहारात ‘जोखमी हुंडी’ असे. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे, म्हणजे हुंडीतच विम्याचा अंश असे. ‘विमा’ हा शब्दही भयवाचक फारसी ‘बीम’ या शब्दाच्या कुळातला आहे. तात्पर्य, ‘निजोखमी’ म्हणजे जिच्यापासून घेणाऱ्याच्या क्षेमाला बाधा नाही ती वस्तू. अर्थाची व्याप्ती केवढी मोठी! पण खरेदीखतात ती आकुंचित होऊन केवळ हक्काच्या जोखमीपुरती उरली आहे. भाऊबंद उभा राहील काय, सावकार दावा लावील काय, एवढीच भीती त्या शब्दाला ठाऊक आहे.

‘धोका’ या शब्दाची कथा याहून मार्मिक आहे. हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. मराठीत ‘धोका’ म्हणजे मुख्यत्वे संकटाचा संभव, पण ‘धोका देणे’ म्हणजे फसविणे हा अर्थही आपल्याकडे चालतो. एकाच शब्दात संकट आणि त्या संकटाविषयीचे लबाड मौन, दोन्ही नांदतात. घरखरेदीत या दोन अर्थांमधील अंतर किती थोडे आहे, हे पुढे दिसेलच.

आता दस्तऐवज. मराठी राज्यातील इनामपत्रांत जमिनीबरोबर जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप ही सारी दिली जात. देण्याची ही यादी उदार आहे, पण तीत जल येते ते उपभोग्य वस्तू म्हणून. पुढील काळच्या खरेदीखतांत मिळकतीची ओळख चतुःसीमेने होते. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस नदी. म्हणजे नदीचा उल्लेख नाही असे नाही. तिचा उल्लेख सीमा म्हणून आहे. ज्या वस्तूच्या ठायी स्वतःची सीमा पाळण्याचा गुण नाही, तिलाच या दस्तऐवजांनी सीमेचे काम दिले, ही गंमत लेखनिकांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. पुण्याची वस्ती तर पाण्याच्या वाटा वळवीतच वाढली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीचे तळे करण्यासाठी आंबील ओढा अडविण्यात आला व त्याचा शहरातील जुना प्रवाह पालटला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच ओढ्याने काठच्या वस्त्यांत शिरून जी प्राणहानी केली, ती पुणेकरांच्या स्मरणात आहे.

घेणाऱ्याला दोष सांगावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. धर्मशास्त्रात ‘क्रीतानुशय’, म्हणजे खरेदीनंतरचा पश्चात्ताप, हे व्यवहाराचे एक स्वतंत्र पदच आहे. याज्ञवल्क्याने बीज, लोखंड, वाहनाची जनावरे, रत्ने, दुभती जनावरे यांच्या पारखीसाठी निरनिराळ्या मुदती सांगितल्या. त्या यादीत घर नाही. कौटिल्याने घराच्या विक्रीची घोषणा शेजाऱ्यांसमक्ष करावयास सांगितली आहे, आणि ज्याला घर विकत घ्यावयाचे आहे त्याला शेजाऱ्यांइतका खरा माहीतगार दुसरा मिळणार नाही. परंतु तेथेही हेतू हक्काच्या तंट्याचा आहे.

इंग्रजी अमदानीत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आला. त्याच्या ५५ व्या कलमाने विकणारावर असे बंधन घातले की, मिळकतीतील अथवा स्वतःच्या हक्कातील महत्त्वाचा दोष त्याने सांगितला पाहिजे. अट अशी की, तो दोष त्याला ठाऊक असावा, घेणाऱ्याला ठाऊक नसावा, आणि घेणाऱ्याने साधारण काळजी घेतली असताही त्याला कळण्याजोगा नसावा. असा दोष न सांगणे हे कपट होय, असेही त्याच कलमात म्हटले आहे. वाक्य उत्तम आहे, पण त्यात दोन फटी आहेत. पूररेषा नकाशावर असते, नकाशा कचेरीत असतो, मग तो पाहणे ही ‘साधारण काळजी’ नव्हे काय, असे विकणार म्हणू शकतो. दुसरी फट अशी की, या कलमात विकणार आहे, घेणार आहे, आणि दोघांना एकत्र आणणारा दलाल मात्र कोठेच नाही.

‘दलाल’ हा शब्द अरबी. त्याचा धातू ‘दाखविणे, वाट दाखविणे’ या अर्थाचा, आणि पुराव्याचा वाचक ‘दलील’ हा शब्दही त्याच धातूपासून झालेला. व्युत्पत्तीने पाहता दलाल म्हणजे वाटाड्या. व्यवहारात त्याची कीर्ती वेगळी झाली. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना दाखविण्याचा हा धंदा झाकण्याच्या कलेपर्यंत कसा पोचला हे निराळे सांगावयास नको. यात सगळा दोष दलालाचा नाही. त्याला पैसा मिळतो तो व्यवहार जुळल्यास. व्यवहार मोडला तर खरे बोलण्याचा मोबदला शून्य. शिवाय आपल्या समाजात घर घेणे हे मंगलकार्य आहे, आणि मंगलकार्यात संकटाचे नाव काढणारा अप्रिय होतो. ‘शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. या म्हणीत नाऱ्याची टवाळी होते. मांडवाला खरोखरच आग लागली होती काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

१२ जुलै १९६१, बुधवार, या दिवशी पुण्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याची पाळी आली. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण पुरे व्हावयाचे होते आणि त्यात पावसाळ्याचे पाणी साठले होते. वाळूची पोती टाकून ते सावरण्याचा जवानांनी प्रयत्न केला, तरी सकाळी ते फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही त्याच दिवशी भंगली. लकडी पूल व नवा पूल पाण्याखाली गेले, आणि नारायण, शनिवार, कसबा या पेठांच्या नदीकडील भागांत वाड्यांचे वाडे ढासळले. या आपत्तीचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. तिचा येथे संबंध आहे तो एका शब्दापुरता. ‘पूरग्रस्त’ हे विशेषण त्या वर्षी पुण्याच्या रोजच्या बोलण्यात शिरले. ते चिकटले माणसांना आणि त्यांच्यासाठी वसविलेल्या नव्या वस्त्यांना. गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर या वसाहतींची ओळख कित्येक वर्षे ‘पूरग्रस्तांच्या वसाहती’ अशी होती. त्या वसविल्या होत्या नदीपासून दूर. जेथे पाणी शिरले होते, त्या जमिनीला मात्र हे विशेषण कोणी लावले नाही. तेथील चतुःसीमेत ‘उत्तरेस नदी’ एवढेच राहिले. ज्या जागी पूर आला ती जागा भाषेत निर्दोष सुटली, आणि जेथे तो आला नाही त्या जागेच्या नावाला तो जडला. पुढच्या पिढीत नदीकाठची जमीन पुन्हा विकावयास निघाली तेव्हा हे मौन विकणाऱ्यांच्या चांगलेच पथ्यावर पडले.

जमिनीला पुराचे नाव लागले ते १९८९ मध्ये, आणि तेही रंगाच्या रूपाने. राज्याच्या पाटबंधारे खात्याच्या त्या वर्षीच्या परिपत्रकाने निळी रेषा व लाल रेषा आखण्याची पद्धत घालून दिली. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत, आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पूर लाल रेषेपर्यंत, अशी स्थूल कल्पना आहे. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र व दोन रेषांच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. नियंत्रित क्षेत्रात बांधावयाचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच घेतले पाहिजे. पुण्यात मुठेसाठी निळ्या रेषेचा हिशेब ६०,००० क्यूसेक्स आणि लाल रेषेचा १,००,००० क्यूसेक्स विसर्गावर धरलेला आहे.

शास्त्राला हे पुरे असेल. पण ‘२५ वर्षांतून एकदा’ हे शब्द मराठी कानावर पडतात तेव्हा त्यांचा अर्थ भलताच होतो. बारा वर्षांनी कुंभमेळा, तसा पंचवीस वर्षांनी पूर, असे ऐकणारा समजतो. गेल्या वर्षी पूर येऊन गेला असेल तर आता चोवीस वर्षे निश्चिंत, असे अनुमान तो काढतो आणि दलालही ते खोडून काढीत नाही. वस्तुतः त्या शब्दांचा अर्थ असा की, दर वर्षी तसा पूर येण्याचा संभव शंभरात चार आहे, मागील वर्षी काय झाले याच्याशी त्याचा संबंध नाही. घराचे कर्ज वीस वर्षांचे धरले, तर त्या मुदतीत निळ्या रेषेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याचा संभव शंभरात सुमारे ५६ भरतो, आणि लाल रेषेपर्यंत सुमारे १८. कर्ज फिटण्यापूर्वी एकदा पाणी येण्याचा संभव न येण्याच्या संभवाहून अधिक आहे, असे निळ्या रेषेतील घराविषयी म्हणता येते. हे वाक्य कोणालाही समजते. ‘२५ वर्षांतून एकदा’ हे कोणालाच समजत नाही, किंबहुना उलटे समजते.

येथे स्वतःचा एक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखक सिंहगड रस्त्याच्या बाजूस एक जुनी सदनिका पाहावयास गेला होता. बरोबर एक दलाल होता. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. गृहस्थ मनमिळाऊ होता. ‘पाणी येते का?’ असे विचारताच त्याने तत्परतेने उत्तर दिले, ‘सर, पाण्याची काळजीच नको, चोवीस तास!’ पुण्यात ‘पाणी येते का’ या प्रश्नाचा अर्थ नळाचे पाणी असाच होतो, त्यामुळे त्याला लबाड म्हणता येत नाही. प्रश्न दुरुस्त करून पुन्हा विचारला, तेव्हा तो म्हणाला, ‘तसं काही नाही हो, एखाद्या वर्षी थोडं पार्किंगमध्ये.’ खाली उतरल्यावर पहारेकऱ्याला तोच प्रश्न विचारला. तो काही न बोलता भिंतीपाशी गेला आणि विजेच्या मीटरच्या पेटीखाली हात टेकवून म्हणाला, ‘इथवर आलं होतं साहेब, दोन वर्षांमागं. गाड्या सगळ्या बुडाल्या.’

या तिघांच्या बोलण्यात पुण्यातील पुराची तिन्ही परिमाणे आली आहेत. काठचा रहिवासी पूर मोजतो तो घराच्या अवयवांनी: पाणी उंबऱ्याला लागले, तिसऱ्या पायरीवर आले, माळ्याला टेकले. १९६१ चा पूर पाहिलेल्या वृद्धांच्या बोलण्यात आजही हीच मापे आहेत. कचेरी मोजते ती क्यूसेक्सने, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट. आणि दलाल मोजतो ‘थोडं’, ‘कधीतरी’, ‘तसं काही नाही’ या मापांनी, म्हणजे मोजीतच नाही. पहिल्या दोन मापांची सांगड घालून देणे हे खरे तर वाटाड्याचे काम.

२५ जुलै २०२४ रोजी ही सांगड नसल्याचा परिणाम दिसला. खडकवासल्यातून सुमारे ३५,००० क्यूसेक्स पाणी सोडण्यात आले. एका घनफुटात २८ लिटरांहून थोडे अधिक पाणी मावते, तेव्हा हे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर झाले. सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पहाटे लोक जागे झाले ते घरात पाणी शिरल्यावर. पूर्वसूचना मिळाली नाही अशी तक्रार रहिवाशांनी केली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, निळ्या रेषेच्या हिशेबातील विसर्गाच्या जेमतेम साठ टक्क्यांवरच घरे पाण्यात गेली. नदीपात्रातील भराव व बांधकामे यांमुळे पात्राची धारणाशक्ती घटल्याचे नदीचे अभ्यासक सांगत आले आहेत. तसे असेल तर कागदावरील रेषा आणि जमिनीवरील नदी या एकमेकींपासून दूर जात आहेत. मग दलालाने घेणाऱ्याला केवळ ‘निळ्या रेषेच्या बाहेर आहे’ एवढे सांगणे खरे असूनही अपुरे ठरते. किती पाणी सोडले असता या घराच्या कोणत्या भागाला पाणी लागले, हे सांगितले तरच त्याने काही सांगितले असे होईल.

अशा सांगण्याची सक्ती करता येते काय? कॅलिफोर्नियाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथे मुख्य भय वणव्याचे. १९८४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर या खटल्यात घराच्या दलालावर दायित्व ठेवले. घर भरावाच्या जमिनीवर होते व ती खचली. जमिनीच्या हालचालीची चिन्हे दलालांच्या दृष्टीस पडण्याजोगी होती, तेव्हा ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून त्यांना सुटता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. दलालाने डोळे उघडे ठेवून घर पाहावे आणि पाहिलेले सांगावे, हे पुढे त्या राज्याच्या कायद्यातच आले. १९९८ पासून विक्रीपूर्वी एक नैसर्गिक आपत्तींचे निवेदनपत्र द्यावे लागते. त्यात पूर, वणवा आणि भूकंप यांच्या क्षेत्रांची नोंद असते, आणि धरण फुटल्यास पाण्याखाली जाणाऱ्या प्रदेशाचीही! पानशेतच्या गावात हे वाचताना मन थबकते. त्या पत्रावर विकणाऱ्याबरोबर मध्यस्थाचीही सही लागते. २०१९ च्या एका कायद्याने पुढचे पाऊल टाकले. वणव्याच्या क्षेत्रातील जुन्या घराला ठिणग्या आत घेणारे झरोके वगैरे आहेत काय, घराभोवतीचे रान साफ केलेले आहे काय, हेही आता सांगावे लागते. २०१८ च्या नोव्हेंबरात पॅराडाइज हे गाव वणव्यात जळून ८५ माणसे मेली होती, ही त्या कायद्यामागील ताजी आठवण. आपल्याकडे वेताळ टेकडीवर उन्हाळ्यात गवत पेटते, पण पुण्याच्या घराला वणव्याचे भय थोडे. आपल्या निवेदनपत्रात पहिला रकाना पाण्याचा असावयास हवा.

आपल्याकडे २०१६ चा स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम झाला. त्याने दलालाला प्रथमच कायद्यात आणले, त्याची नोंदणी आवश्यक केली, खोटी विधाने करण्यास मनाई केली आणि घेणाऱ्याला जी माहिती व कागदपत्रे मिळावयास हवीत ती मिळवून देण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. महाराष्ट्रात तर २०२३ पासून त्याच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षा आहे. ही प्रगती मोठी खरी. परंतु अधिनियमाचा रोख नोंदणीकृत नव्या प्रकल्पांवर आहे. नदीकाठच्या तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीतील सदनिका एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तेव्हा तो तेथे पोचत नाही, आणि पाणी तर बहुधा अशाच घरांत शिरते. वकील तीस वर्षांचा ‘सर्च’ घेतो तो हक्काचा. तीस वर्षांच्या पाण्याचा सर्च कोणी घेत नाही.

मग दलालाने बोलावे कसे? प्रस्तुत लेखकाच्या मते तीन गोष्टींचा अवलंब त्याला आजही, कोणत्याही कायद्यावाचून करता येईल. पहिली अशी की, प्रश्नाची वाट पाहू नये. नदी, ओढा वा नाला जवळ असेल तर त्याचे नाव दलालाने स्वतःच काढावे, कारण घेणारा ‘पाणी’ म्हणताना नळ मनात धरून असतो. दुसरी, क्रियाविशेषणे टाकून नामे वापरावीत. ‘कधीतरी थोडं’ असे न म्हणता अमुक साली, धरणातून अमुक क्यूसेक्स सोडले तेव्हा, मीटरच्या पेटीपर्यंत, असे बोलावे. हे कळण्यासाठी पहारेकरी आणि तळमजल्यावरील जुने बिऱ्हाड यांना विचारणे पुरते. कौटिल्याने शेजाऱ्यांना उगाच बोलावले नव्हते. तिसरी गोष्ट, ठाऊक नसेल तेथे ‘ठाऊक नाही’ म्हणावे. ‘तसं काही नाही’ हे नकाराचे रूप घेतलेले अज्ञान आहे, आणि ‘धोका’ या शब्दाचे दोन अर्थ नेमके येथे एक होतात. घर तरीही विकले जाईल. तळमजल्याऐवजी दुसरा मजला घेतला जाईल, गाडी उंचावर लावली जाईल, विम्यात पुराचे कलम आहे काय हे पाहिले जाईल, भावात चार पैसे तुटतील.

राहिला दस्तऐवज. एका वकील स्नेह्यापाशी प्रस्तुत लेखकाने असे सुचविले की, चतुःसीमेनंतर एक वाक्य वाढवावे: ‘सदरहू मिळकत निळ्या रेषेच्या आत अथवा बाहेर असून, विकणार यांच्या माहितीप्रमाणे तीत अमुक साली अमुक ठिकाणापर्यंत पाणी आले होते.’ त्यांनी वाक्य दोनदा वाचले, व्याकरणाचा दोष काढला नाही, आणि म्हणाले, ‘घालता येईल. पण मग वरचं निजोखमी काढावं लागेल, आणि त्याशिवाय बँक कर्ज देत नाही.’ त्या खरेदीखतात शेवटी ‘निजोखमी’ हाच शब्द राहिला.